आईच्या हाताचं माप कसं लिहून घ्यावं

घरची पाककृती कुणाला द्यायची तर 'अंदाजाने घाला' चालत नाही. आई करत असताना पिठाचा डबाच वजनकाट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. तिने मूठभर पीठ काढलं की जेवढे ग्रॅम कमी दिसतील, ती तिची मूठ. तिला थांबवू नका, विचारलं की हात अडखळतो. साखर-मिठाचंही तसंच. २४० मिलीच्या कपात साखर साधारण २०० ग्रॅम बसते, मैदा जेमतेम १२५. म्हणून नुसतं 'एक कप' लिहू नका. मीठ बारीक की जाडं, तेही लिहा, चमचाभर बारीक मीठ जास्त भरतं. गोडाच्या पदार्थात वेळेपेक्षा खूण महत्त्वाची: रंग, वास, कडेने सुटणं. ते तिच्याच शब्दांत उतरवा.