कूलंट सेन्सर बदलायला बसण्याआधी

इंजिन गार असताना फॅन गरगरतोय, सकाळी गाडी कुरकुरत चालू होते, पेट्रोल जास्त पिते? कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान मोजणारा सेन्सर बिघडला असेल. नवा आणलात ना, मग पहिल्यांदा खोका उघडून रिंग शोधा. कुठे रबरी ओ-रिंग असते, कुठे तांब्याचा वॉशर. नसेल तर आत्ताच आणा. काउंटरवरचा म्हणेल, ‘भिया, पुरानी ही लगा दो.’ ऐकू नका. मी ऐकलं होतं. ओंकारेश्वरहून परतताना भेरूघाटाच्या चढावर कूलंट गळून तापमानाचा काटा लालमध्ये गेला.

इंजिन पूर्ण गार हवं. रात्रभर उभी राहू द्या, सकाळी उन्हाआधी काम. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर तोंड भाजेल. बॅटरीची निगेटिव्ह काढा.

सेन्सर बहुधा थर्मोस्टॅटजवळ, वरचा जाड होज इंजिनातून निघतो तिथे. काही गाड्यांत दोन असतात, एक नुसता डॅशच्या काट्याचा. चुकीचा खोलू नका. आधी सेन्सरचा वायरचा प्लग काढून पिना बघा. हिरवट गंज असेल तर कदाचित सेन्सर ठीकच आहे, दोष जोडणीत आहे. मल्टीमीटर असेल तर सेन्सरच्या पिनांमधला रोध मोजा: 20 अंशांना साधारण दोन-अडीच हजार ओहम, 80 ला तीनशेच्या आसपास, गाडीगणिक फरक पडतो. मे महिन्यात इंदुरात 20 अंश मिळणार नाहीत, तेव्हा थंडचा आकडा कमीच येईल.

लांब सॉकेट, तसराळं, चिंध्या. कूलंट तयार मिश्रणाचं असेल तर पाणी घालू नका; घट्ट (कॉन्सन्ट्रेट) असेल तर त्यात डिस्टिल्ड वॉटरच. नर्मदेचं पाणी आंघोळीला ठेवा. सांडलेलं लगेच पुसा, ते गोड लागतं, कुत्री चाटतात आणि मरतात.

थोडं कूलंट काढून नवा सेन्सर हाताशी ठेवा, मग जुना खोला. आता थांबा. जुनी रिंग सेन्सरबरोबर आली का? नाही आली तर ती भोकातच चिकटली आहे. बोटाने चाचपा, टॉर्च मारा. तिच्यावर नवी बसवली की गळणारच. जुनी बाहेर, नवी आत, मगच सेन्सर. हाताने आटे धरा, पान्याने बेताने आवळा. इंजिनचं हेड बहुधा अॅल्युमिनियमचं असतं, जोर लावलात तर आटे जातील.

प्लग, बॅटरी, कूलंट. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू, हीटर फुल गरम, बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. झाकण लावा. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये साठलेला बिघाडाचा कोड पुसा. एक चक्कर मारा, गार झाल्यावर पातळी बघा आणि रिंगेखाली कोरडा कागद फिरवा.