खाज कुठून सुटते, त्यावरून उपाय ठरवा

दिवाळीनंतर गवत कापायला, कलमांखालची साफसफाई करायला माणसं बागेत उतरली की देवगडच्या आमच्या उपकेंद्रात रांग लागायची. "सिस्टर, खाज थांबना नाय, गोळी देवा." नर्स म्हणून मी आधी विचारायची, खाज कशाने सुटली? कारण सगळ्या खाजा एका वाटेने मेंदूपर्यंत जात नाहीत, आणि एकच गोळी सगळ्या वाटा अडवत नाही.

खाजेचा संदेश नेणारे बहुतेक चेतातंतू अगदी बारीक आणि संथ असतात, सेकंदाला साधारण एक मीटर. त्यांची टोकं त्वचेच्या वरच्या थरात असतात. अंगावर पित्त उठतं तेव्हा त्वचेतल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात, ते या टोकांना चेतवतं. संदेश मज्जारज्जूत जातो, तिथून मेंदूत. सेट्रिझिन ही ॲलर्जीवरची गोळी हिस्टामिनला अडवते, म्हणून पित्ताच्या गांधींवर ती लागू पडते.

खाजकुयलीचं तसं नाही. तिच्या कुसांत म्युक्युनेन नावाचं प्रथिन कापणारं विकर (एन्झाइम) असतं. १९५५ साली शेली आणि आर्थर या अमेरिकी संशोधकांनी ते दाखवलं. ते चेतातंतूवरच्या ग्राहकाचा, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनाचा, तुकडा तोडून त्याला थेट चेतवतं. हिस्टामिनचा फारसा संबंधच नाही. म्हणून गोळी घेऊन वाट बघत बसू नका, कुसं काढा.

कशी? हात लावू नका, चोळू नका, पाणीही आधी नको. कपडे न झटकता सावकाश उतरवा. चिकटपट्टी त्वचेवर दाबून उचला, दर वेळी नवा तुकडा. पट्टी नसेल तर मळलेल्या कणकेचा गोळा टिपत न्या. मग साबणाने धुवा. उष्णतेने विकर निकामी होतं, म्हणून कपडे उकळत्या पाण्यात टाका. शेण मात्र लावू नका. खाजवून सोललेल्या कातडीतून धनुर्वाताचे जंतू आत जाऊ शकतात.

त्यानंतर थंडावा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं ठेवा, पण तो घरच्या फ्रीजमधला हवा, जेटीवरचा मासळीचा नको. थंडी टिपणारे तंतू चेतवले की मज्जारज्जूतले अडवणारे चेतापेशी खाजेचा संदेश दाबतात. खाजवल्यावर बरं वाटतं तेही याच मार्गाने, दुखण्याचा संदेश खाजेला मागे सारतो. पण दुखणं आवरायला मेंदू सेरोटोनिन नावाचं रसायन सोडतो, आणि २०१४ मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांत तेच मज्जारज्जूतली खाज वाढवताना दिसलं. म्हणून मुलांची नखं आखूड ठेवा आणि रात्री हातावर मोजे चढवा. कढत पाण्याने आंघोळ केली तरी असंच, घटकाभर सुख आणि मग दुप्पट खाज.

काजूच्या टरफलातलं तेल आणि आंब्याचा चीक यांची तऱ्हा निराळी. तेलाने कातडी भाजते. शिवाय ज्यांना ॲलर्जी आहे त्यांना दोन दिवसांनी पुरळ, पाणी आणि अनावर खाज येते. तिथे हिस्टामिन मुख्य नसतं, रोगप्रतिकारक पेशीच चेतातंतूंना चेतवतात. सेट्रिझिन कमी पडते, स्टिरॉइडचं मलम डॉक्टरांना विचारून लावावं लागतं. बी फोडायला बसण्याआधी हाताला खोबरेल चोळायची जुनी रीत चांगलीच आहे, हातमोजे त्याहून चांगले.

रात्री घरातल्या दोघातिघांना बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली तर ती खरूज समजा, सगळ्यांनी एकाच वेळी औषध लावा. आणि कातडीवर काहीच दिसत नाही, तरी महिनाभर अंगभर खाज आहे? मलम शोधू नका. यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड आणि साखर यांची रक्ततपासणी करून घ्या.