कोरड्या विहिरीचा हिशेब: या चुका टाळा

विहीर कोरडी निघाली याचं मला काही वाटत नाही. तेल शोधायचं म्हटलं की कोरड्या विहिरी आल्याच. वैताग येतो तो त्या ‘काम चालू’ खात्यात झोपवून ठेवणाऱ्यांचा.

सक्सेसफुल एफर्ट्स पद्धतीत, म्हणजे यशस्वी विहिरींचाच खर्च मालमत्ता म्हणून ठेवायच्या हिशेबपद्धतीत, शोधविहिरीचा खर्च निकाल लागेपर्यंत वर्क-इन-प्रोग्रेसमध्ये, म्हणजे याच ‘काम चालू’ खात्यात साठतो. तेल-वायू नाही असं ठरलं की सगळा नफा-तोट्यात. एवढं सोपं आहे, आणि तिथेच घोळ.

एकदा ऑडिटला गेलो होतो. यादीत एका विहिरीसमोर शेरा: ‘टेस्टिंग चालू’. मागच्या वर्षीही तोच, अक्षरशः कॉपी-पेस्ट. ज्युनिअर म्हणाला, “सर, जिऑलॉजीवाल्यांनी अजून कोरडी म्हटलेली नाही.” “कधी विचारलंस?” गप्प. आयसीएआयच्या (सीए लोकांच्या संस्थेच्या) गायडन्स नोटमध्ये असा खर्च खात्यात ठेवायला दोन वर्षांची मर्यादा आहे. ती दोन वर्षं हा पठ्ठ्या टेस्टिंगच्या शेवटच्या बिलापासून मोजत होता! ती मोजायची खोदकाम पूर्ण झाल्यापासून. त्यापुढे खर्च ठेवायचा तर साठा सापडल्याचा आणि फील्ड विकसित करायचं ठरल्याचा पुरावा हवा. डेली ड्रिलिंग रिपोर्ट मागवले. शेवटच्या पानावर: सिमेंट प्लग लावला, रिग (खोदकामाचं यंत्र) हलवली. विहीर बुजवून अडीच वर्षं झाली होती आणि यादीत टेस्टिंग चालूच!

बरं, दोन वर्षं ही कमाल मर्यादा आहे, सवलत नव्हे. आज कोरडी कळली तर आजच राइट ऑफ. मी दर तिमाहीला स्वतः जिऑलॉजिस्टच्या टेबलाशी जाऊन बसतो. मेलवर ‘अंडर इव्हॅल्युएशन’ एवढंच येतं. समोर बसलं की चहा संपायच्या आत खरं कळतं.

उलटी चूकही होते. घाईवाले एक्सेलमध्ये ‘ड्राय’ शोधतात आणि दिसेल ते उडवतात. डेव्हलपमेंट विहीर, म्हणजे साठा सापडलेल्या फील्डमध्ये तेल काढण्यासाठी खोदलेली विहीर, कोरडी गेली तर तिचा खर्च फील्डच्या खर्चातच राहतो. आधी विहिरीचा प्रकार बघा, मग निकाल.

सिस्मिक सर्व्हेचा (कंपनलहरींनी जमिनीखालचे थर तपासण्याचा) खर्च विहिरीच्या माथी मारू नका. तो ज्या वर्षी झाला त्याच वर्षी नफा-तोट्यात.

आणि न वापरलेले केसिंग पाइप, म्हणजे विहिरीला आतून अस्तर म्हणून घालायचे पाइप! ते स्टोअरला परत गेले असतील तर विहिरीच्या खर्चातून वजा करा. रिटर्न नोट सापडत नसेल तर यार्डात जाऊन पाइप मोजा. मी मोजलेत, भर मे महिन्यात.