नॅरोबोटीवरचा एक संथ दिवस: मार्स्टन डोल्स ते क्लेडन

नॅरोबोट म्हणजे इंग्लंडच्या कालव्यांवरची लांब, चिंचोळी बोट. या कालव्यांवर दिवसाचा हिशेब तोंडी होतो. मैल आणि लॉक (पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारे दोन दारांमधले हौद) यांची बेरीज करा, तिला तीनने भागा. आलेले उत्तर म्हणजे तास. दक्षिण ऑक्सफर्ड कालव्यावर मार्स्टन डोल्स ते क्लेडन हा सुमारे 11 मैलांचा टप्पा एकाही लॉकशिवाय जातो. त्यापुढे क्लेडनचे पाच लॉक उतरायचे म्हटले तर 16 भागिले 3, म्हणजे साधारण सव्वापाच तास. नवख्यांना एका दिवसासाठी एवढं पुष्कळ झालं.

निघण्याआधी डिपस्टिकवर इंजिन ऑइल पाहा. बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) वर, बोटीच्या तळात त्यात अडकलेलं गवत काढण्यासाठी एक झडप असते. तिचं झाकण घट्ट आवळलेलं आहे ना, हे हाताने चाचपून बघा. ते सैल राहिलं तर पंख्याने उसळलेलं पाणी थेट इंजिनच्या खणात शिरतं आणि बोट बुडूही शकते. दोर सोडल्यावर आधी मागचं टोक काठापासून लोटा, नाहीतर पंखा काठाच्या गाळात आणि दगडांत फिरतो.

टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा, ज्या बाजूला ढकलाल, त्याच्या उलट बाजूला पुढचं टोक वळतं. बोट साधारण मध्यावर फिरते, त्यामुळे वळणावर शेपटी किती बाहेर जातेय याचं भान ठेवा. रिव्हर्समध्ये सुकाणू जवळजवळ चालतच नाही. हा कालवा शक्यतो टेकड्या न कापता समान उंचीच्या रेषेने नेलेला आहे, म्हणून वॉर्मलेटनच्या आसपास तो इतके वळसे घेतो की हात आपोआप तयार होतो. समोरून बोट आली तर उजवीकडे राहा. एरवी मध्यभागी चालवा, पाणी तिथेच खोल असतं.

वेगमर्यादा ताशी 4 मैल आहे, पण उथळ पाण्यात तेवढाही वेग मिळेलच असं नाही. बोटीने सारलेलं पाणी तळाखालून मागे यावं लागतं. त्याला जागा नसली की थ्रॉटल वाढवून फक्त मागचं टोक खाली बसतं. वेग तोच राहतो, डिझेल मात्र जास्त जातं. मागे वळून पाहिल्यावर काठावर लाट फुटताना दिसली तर थ्रॉटल कमी करा. बांधलेल्या बोटी दिसल्या की दोन-तीन बोटींच्या लांबीइतकं आधीच इंजिन अगदी मंद करा, नाहीतर त्यांच्या मेखा उपटून येतात. मग लोक ओरडतात, आणि ते बरोबरच असतं.

गाळात रुतलात तर पुढे रेटू नका. रिव्हर्स घ्या, सगळ्यांना मोकळ्या बाजूला उभं करा आणि बांबूने लोटा. पंख्यात प्लास्टिक किंवा दोर अडकला तर इंजिन बंद करून किल्ली खिशात टाका, मगच झडपेत हात घाला.

क्लेडनला घाई अजिबात नको. लॉक रिकामा असेल आणि खालून बोट येताना दिसत असेल तर थांबा. आधी ती वर येईल आणि लॉक तुमच्यासाठी भरलेला मिळेल. आत शिरल्यावर वरचं दार लावा, वरची पॅडल (पाणी आत-बाहेर सोडायच्या फळ्या) खाली आहेत ना बघा. उतरताना खरा धोका सिलचा, म्हणजे वरच्या दाराखालच्या चौथऱ्याचा. भिंतीवरच्या पांढऱ्या खुणेच्या पुढे सुकाणूसकट सगळी बोट असली पाहिजे. खालचं पॅडल विंडलसने (फिरवायच्या हँडलने) आधी अर्धंच उचला, ते वर अडकवून ठेवणारी खिटी बसल्याची खात्री करा, बोट शांत आहे असं दिसलं की पूर्ण उचला. काम झाल्यावर विंडलस दांड्यावर तसंच ठेवून देऊ नका. खिटी निसटली की ते गरगर फिरून हाड मोडतं. मागचं टोक सिलवर अडकून बोट कलायला लागली तर खालची पॅडल ताबडतोब पाडा, मग वरची हळूहळू उघडून लॉक पुन्हा भरा. लॉकमध्ये दोर पक्का बांधू नका, हातात सैल धरा. पाणी उतरलं की बांधलेली बोट दोराला लटकते. पातळी समान झाली की दाराच्या लांब तुळईला पाठ लावून रेटलं तरी दार उघडतं. उघडत नसेल तर पातळी अजून समान झालेली नाही.

मुक्काम लॉकचा धक्का, पूल, वळण आणि बोट वळवायच्या रुंद जागेपासून दूर करा. पुढचा आणि मागचा दोर बोटीपासून साधारण 45 अंशांत बाहेर जातील अशा मेखा ठोका. इंजिन बंद केल्यावर पंख्याच्या दांड्यावरच्या ग्रीसरची (ग्रीस आत दाबणाऱ्या डबीची) मूठ जोर लागेपर्यंत फिरवा, म्हणजे रात्रभर पाणी ठिबकत नाही. रात्री 8 ते सकाळी 8 इंजिन चालवायचं नसतं, तेव्हा फोन आधीच चार्ज करून घ्या.