कर्नल अपडेटनंतर स्क्रीन बिघडली? फॉरमॅट मारण्याआधी हे करा

रात्री अपडेट लावून लॅपटॉप बंद केला, सकाळी चालू केला तर काळी स्क्रीन आणि कोपऱ्यात लुकलुकणारा कर्सर. किंवा डेस्कटॉप येतो, पण सगळं अवाढव्य दिसतं, दुसरा मॉनिटर ओळखला जात नाही, व्हिडिओ लावला की पंखा घोंघावतो. ऐरोली-घणसोलीच्या पट्ट्यात इंजिनिअरिंगची कितीतरी मुलं सेकंडहँड लॅपटॉपवर उबुंटू किंवा मिंट ही लिनक्स सिस्टिम टाकून शिकतात. त्यांना अशा वेळी हमखास एकच सल्ला मिळतो: फॉरमॅट मार. तो ऐकू नका, हे मला कळकळीनं सांगायचं आहे. तुमच्या फाइली जागेवर आहेत, सिस्टिमही बहुधा धड आहे. नव्या कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, ग्राफिक्सचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) मिळालेला नाही किंवा मिळून पटलेला नाही, एवढंच. आणि काल ज्या कर्नलवर सगळं चालत होतं, तो अजून डिस्कवरच आहे.

आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. उदाहरणं उबुंटू आणि मिंटची आहेत.

आधी जुन्या कर्नलवर परत या

मशीन चालू करताना कंपनीचा लोगो दिसून गेला की एस्केप एकदाच दाबा. जुन्या बायॉसच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा. एस्केप पुन्हापुन्हा दाबलं तर मेनूऐवजी ग्रबचा, म्हणजे तो मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रामचा, कोरा प्रॉम्प्ट येतो. तसं झालं तर रीबूट असं टाइप करून एंटर मारा आणि पुन्हा प्रयत्न करा. मेनूत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जा. तिथे कर्नलची यादी असते, सगळ्यात वरचा नवा, त्याखाली जुना. जुना निवडा, पण ‘रिकव्हरी मोड’ लिहिलेली ओळ सोडून. फेडोरा या दुसऱ्या लिनक्समध्ये ही यादी थेट पहिल्याच मेनूत असते, आणि फेडोरा मुळातच तीन कर्नल ठेवतो.

जुन्यावर स्क्रीन नीट आली तर कार्ड, पॅनल आणि केबल शाबूत आहेत, हे कळलं. उद्या सबमिशन असेल तर आज इथेच थांबून काम उरका, दुरुस्ती शनिवारी करा. जुन्या कर्नलवरही तोच त्रास असेल तर मात्र संशय कर्नलवरून हटवा. त्याच अपडेटमध्ये मेसा (ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच) किंवा एनव्हीडियाचा ड्रायव्हरही बदलला असेल, नाहीतर केबलच सैल असेल.

मागच्या बूटची नोंद वाचा

लोक ही पायरी गाळतात आणि हाताला लागतील ती पॅकेजेस टाकत-काढत सुटतात. तसं करू नका, मशीनने सगळं लिहून ठेवलेलं असतं. मशीन एकदा मुद्दाम नव्या कर्नलवर चालू करा (यालाच बूट करणं म्हणतात), बिघाड होऊ द्या, मग जुन्यावर येऊन लगेच ही आज्ञा द्या:

जर्नलसीटीएल -के -बी -१

यातलं उणे एक म्हणजे याच्या आधीचं बूट, म्हणजे बिघडलेलं. लांबलचक मजकुरात एनव्हीडिया, नूव्हो (एनव्हीडिया कार्डांचा खुला ड्रायव्हर), एएमडीजीपीयू (एएमडीचा), आय९१५ (इंटेलचा) किंवा फर्मवेअर (कार्डात भरायचा छोटा प्रोग्राम) असलेल्या ओळी शोधा. ‘फेल्ड’ किंवा ‘रिजेक्टेड’ शब्द असलेली ओळ तशीच कॉपी करून ठेवा, पुढे ती लागेल.

नव्या कर्नलवर निदान काळ्या पडद्यापर्यंत पोचत असाल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून पाहा. अक्षरी लॉगिन आलं तर एलएसपीसीआय -के द्या आणि ग्राफिक्स कार्डाखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’समोर काय आहे ते बघा. एनव्हीडियाच्या जागी नूव्हो दिसलं किंवा ती ओळच नसली, तर चोर सापडला. डेस्कटॉप येतोय पण संथ आहे, तर जीएलएक्सइन्फो -बी द्या. यातला बी मोठा, आणि आज्ञा मेसा-युटिल्स या पॅकेजातून मिळते. उत्तरात एलएलव्हीएमपाइप आलं, तर चित्र ग्राफिक्स कार्ड काढतच नाहीये, सगळा भार प्रोसेसर वाहतोय. पंखा त्यामुळेच घोंघावतो.

एनव्हीडिया असेल तर

बहुतेक डोकेदुखी इथली. इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर कर्नलच्या आतच राहतात. कर्नलची आतली रचना बदलणारा माणूस त्याच वेळी हे ड्रायव्हरही दुरुस्त करतो. एनव्हीडियाचा स्वतःचा ड्रायव्हर मात्र बाहेरून येतो आणि प्रत्येक कर्नलसाठी त्याचं मोड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा तुकडा, नव्याने बांधावं लागतं. हे काम आपोआप व्हावं म्हणून डीकेएमएस ही यंत्रणा आहे, ती डेल कंपनीत तयार झाली. फेडोरात तेच काम एकेमॉड्स करतं. तिथे अपडेटनंतर लगेच रीबूट करू नका, मोड्यूल बांधायला काही मिनिटं लागतात.

डीकेएमएस स्टेटस ही आज्ञा द्या. जुन्या कर्नलच्या आकड्यापुढे ‘इन्स्टॉल्ड’ असेल आणि नव्याची ओळच नसेल, तर बांधणी फसली आहे. उबुंटूत कधी यादी अख्खी रिकामी येते, कारण तयार, सही केलेली मोड्यूल्स वापरलेली असतात. त्यांची नावं लिनक्स-मोड्यूल्स-एनव्हीडियाने सुरू होतात. अशा वेळी नव्या कर्नलच्या जोडीचं पॅकेज आलंय का, तेवढं बघा.

बांधणी फसायचं नेहमीचं कारण म्हणजे कर्नलचे हेडर्स (बांधणीला लागणाऱ्या त्याच्या फाइली) नसणं. नव्या कर्नलचा पूर्ण आकडा बूट फोल्डरातल्या फाइलींच्या नावांत मिळेल. युनेम -आर विचाराल तर सध्या चालू असलेल्या जुन्याचाच आकडा येईल, इथे घोळ होऊ देऊ नका. समजा नवा ६.८.०-४५-जेनेरिक आहे, तर:

सुडो एपीटी इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-६.८.०-४५-जेनेरिक
सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल -के ६.८.०-४५-जेनेरिक

वायफायही त्याच अपडेटनंतर गेलं असेल, तर घाबरू नका. ब्रॉडकॉमचा ड्रायव्हरही असाच बाहेरून येतो आणि हेडर्सअभावी असाच अडतो. मोबाइल यूएसबीने जोडून टेदरिंगवर हेडर्स उतरवून घ्या.

हेडर्स असूनही बांधणी अडली तर डीकेएमएसच्या फोल्डरातली मेक.लॉग ही फाइल उघडा. उबुंटू २२.०४ वर ६.५ कर्नल आला तेव्हा अनेकांचं गाडं कंपायलरवर, म्हणजे मोड्यूल बांधणाऱ्या जीसीसी या प्रोग्रामवर, अडलं. कर्नल जीसीसी १२ ने बांधलेला आणि मशीनवर जीसीसी ११. लॉगमध्ये ‘अनरेकग्नाइज्ड कमांड-लाइन ऑप्शन’ असं दिसायचं. जीसीसी-१२ इन्स्टॉल करून पुन्हा बांधणी केली की काम होतं.

कार्डच जुनं असेल तर गोष्ट निराळी. ४०० आणि ५०० मालिकेच्या कार्डांना ३९० ड्रायव्हर लागतो, त्याचा आधार २०२२ अखेर संपला. ६०० आणि बहुतेक ७०० मालिकेला ४७० लागतो, तोही २०२४ मध्ये थांबला. नव्या कर्नलवर हे ड्रायव्हर कधी ना कधी बांधलेच जाणार नाहीत. नौपाड्यातल्या ओळखीच्या एका डीटीपीच्या दुकानात ऐन लग्नसराईत हेच झालं. पत्रिकांचं काम टेबलावर आणि दोनपैकी एक मॉनिटर मुका. तिथे मी उबुंटू २२.०४ चा मूळचा ५.१५ कर्नलच कायम ठेवायला सांगितला. त्याला सुरक्षेची अपडेट्स २०२७ पर्यंत मिळतात, आणि दुकानाला नव्या कर्नलमधलं काही लागतही नव्हतं. कार्ड बदलायला पैसे नसतील तर हा सरळ, प्रतिष्ठेचा मार्ग आहे. दुसरा मार्ग नूव्होचा. टायपिंग, ब्राउझिंगला तो चालतो, जड ग्राफिक्सला नाही.

आणि सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेलं काही चढू न देणारं कुलूप. मोड्यूल बांधलंय, डीकेएमएस ‘इन्स्टॉल्ड’ म्हणतंय, तरी ड्रायव्हर चढत नाही आणि नोंदीत ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं येतं, तर मोड्यूलवरची सही मशीनला ओळखीची नाही. मॉकयुटिल --एसबी-स्टेट देऊन सिक्युअर बूट चालू आहे का बघा. असेल तर सुडो अपडेट-सिक्युअरबूट-पॉलिसी --एनरोल-की द्या, एक पासवर्ड ठरवा आणि रीबूट करा. निळी स्क्रीन येईल, ती थोडाच वेळ थांबते. कळ दाबून ‘एनरोल मॉक’ निवडा आणि तोच पासवर्ड द्या. सिक्युअर बूट सरळ बंद करा असं कुणी सांगेल, पण पाच मिनिटांच्या कामासाठी कुलूप काढून ठेवू नये, असं माझं मत आहे.

इंटेल किंवा एएमडी असेल तर

ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, पण त्याला लागणारं फर्मवेअर लिनक्स-फर्मवेअर या वेगळ्या पॅकेजात येतं. नोंदीत फर्मवेअर लोड न झाल्याची ओळ असेल तर ते पॅकेज अद्ययावत करा आणि सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल द्या. त्याआधी डीएफ -एच देऊन बूटचं पार्टिशन भरलेलं नाही ना, ते पाहा. जागा संपलेली असली की नव्या कर्नलची सुरुवातीची प्रतिमा अर्धवट राहते. सुडो एपीटी ऑटोरिमूव्हने जुने, नको असलेले कर्नल निघतात.

स्क्रीन येते पण लुकलुकते, मधेच गोठते, हा लॅपटॉपवरचा वेगळा आजार. वीज वाचवण्यासाठी पॅनल स्वतःच शेवटचं चित्र धरून ठेवतं, त्या सोयीशी नव्या कर्नलचं बिनसलेलं असू शकतं. इंटेल असेल तर ग्रबच्या मेनूत नव्या कर्नलच्या ओळीवर ई दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी आय९१५.एनेबल_पीएसआर=० जोडा आणि एफ१० दाबा. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, म्हणून बिनधास्त करून पाहा. फरक पडला तरच तो ग्रबच्या सेटिंगच्या फाइलीत लिहून सुडो अपडेट-ग्रब द्या. नोमोडसेटही याच पद्धतीने जोडतात, पण तो फक्त आत शिरण्यापुरता वापरा. कायम ठेवलात तर कार्डाचा ड्रायव्हर जागाच होणार नाही.

काहीच जमलं नाही तर

जुन्या कर्नलवर काम करत राहा आणि नवे कर्नल तात्पुरते अडवा: सुडो एपीटी-मार्क होल्ड, त्यापुढे लिनक्स-जेनेरिक, लिनक्स-इमेज-जेनेरिक आणि लिनक्स-हेडर्स-जेनेरिक. तुमच्याकडे एचडब्ल्यूई मालिकेची (नव्या हार्डवेअरसाठीच्या नव्या कर्नलांची) पॅकेजेस असतील तर त्यांची नावं द्या. हे जास्त दिवस ठेवू नका, कारण सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्याबरोबर अडतात. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये आठवण लावा आणि पुढचा कर्नल आला की अनहोल्ड करून पाहा.

त्याचबरोबर बगची तक्रार नोंदवा. कार्डाचं नाव, चालणाऱ्या आणि बिघडणाऱ्या कर्नलचे पूर्ण आकडे आणि मघाशी कॉपी केलेली ती ओळ, एवढं हवं. ‘अपडेटनंतर चालत नाही’ एवढ्यावर कुणाला काही करता येत नाही. पण ‘६.५ वर चालतं, ६.८ वर नाही’ हे कळलं, की दुरुस्ती करणाऱ्याला मधले नेमके कोणते बदल तपासायचे ते समजतं.