फायनल इयरचा प्रोजेक्ट रिपोर्ट: वेळ कुठे घालवायचा, कुठे वाचवायचा

माझा रिपोर्ट सबमिट झाल्यानंतर ज्युनिअर्सचे बरेच रिपोर्ट छपाईआधी माझ्याकडे वाचायला आले. इंजिनिअरिंगचे होते, बीएस्सीचे होते, विषय तर हरतऱ्हेचे. जवळजवळ सगळ्यांत एकच उणीव दिसते. काय केलं ते पानोपानी असतं, तसंच का केलं ते मात्र शोधून सापडत नाही. आणि परीक्षक नेमकं तेच विचारतात. 'हाच सेन्सर का?', 'हाच अल्गोरिदम का?' उत्तर मुलांना ठाऊक असतं, निदान सहा महिन्यांपूर्वी तरी ठाऊक होतं. लिहून ठेवलेलं नसतं, एवढंच.

म्हणून प्रोजेक्ट सुरू झाला की रिपोर्टची फाइल उघडायच्या आधी एक साधी नोंदवही उघडा. कागदाची असो वा गुगल डॉक, फरक पडत नाही. ग्रुपमध्ये काही ठरलं की तारीख, समोर कोणते पर्याय होते, कोणता घेतला आणि का, एवढं लिहायचं. एक नमुना देतो:

'तापमान मोजण्यासाठी थर्मिस्टर की डीएस१८बी२० सेन्सर? रास्पबेरी पाय या आपल्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डला अ‍ॅनालॉग इनपुट नाही, म्हणजे थर्मिस्टर घेतला तर वेगळा एडीसी (अ‍ॅनालॉग सिग्नल डिजिटल करणारी चिप) आणि कॅलिब्रेशन आलं. डीएस१८बी२० डिजिटल आहे, एका डेटा वायरवर चालतो. उणे १० ते ८५ अंश सेल्सिअसमध्ये चूक जास्तीत जास्त अर्धा अंश. आपल्याला एक अंशाचा फरक ओळखता आला की पुरे. डीएस१८बी२० घेतला.'

ही पाच-सहा वाक्यं लिहायला पाच मिनिटंही लागत नाहीत. डिझाइनच्या प्रकरणातला एक परिच्छेद यातून जवळपास तयार मिळतो आणि व्हायवातल्या (तोंडी परीक्षेतल्या) एका प्रश्नाचं उत्तरही. अशा वीस-पंचवीस नोंदी जमल्या की रिपोर्टचा गाभा हातात असतो.

आता लिहिण्याचा क्रम. रिपोर्ट ज्या क्रमाने वाचला जातो त्या क्रमाने लिहायची गरज नाही. प्रस्तावनेपासून सुरुवात केली की पहिलं वाक्य 'आजच्या आधुनिक युगात तंत्रज्ञानाने...' असं येतं आणि गाडी तिथेच रुतते. आधी प्रत्यक्ष केलेलं काम लिहा, म्हणजे डिझाइन आणि इम्प्लिमेंटेशन. मग निष्कर्षांचं प्रकरण. त्यानंतर लिटरेचर सर्व्हे आणि प्रस्तावना, आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट सगळ्यात शेवटी. अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये प्रश्न काय, तो कसा सोडवला आणि हाती काय लागलं, एवढंच हवं. त्यातला एखादा आकडा आलाच पाहिजे. 'चांगले परिणाम मिळाले' या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

लिटरेचर सर्व्हेत मुलं एका पेपरला एक परिच्छेद देतात: अमुक लेखकाने हे केलं, तमुक लेखकाने ते केलं. ती नुसती यादी होते. त्याऐवजी पेपर प्रश्नानुसार एकत्र करा. एका पद्धतीने जाणारे इथे, दुसऱ्या पद्धतीचे तिथे, दोघांनाही काय जमलं नाही, आणि आपला प्रोजेक्ट त्यातला कोणता कोपरा धरतो. हा शेवटचा भाग नसेल तर बाकीचा सर्व्हे वाया गेला असं मी खुशाल म्हणेन.

निष्कर्षांच्या प्रकरणावर मात्र भरपूर वेळ घालवा. समजा, मशीन लर्निंगचा प्रोजेक्ट आहे आणि तुम्ही लिहिलंत, 'अचूकता ९० टक्के.' डेटात शंभरपैकी नव्वद नमुने एकाच वर्गाचे असतील, तर डोळे मिटून प्रत्येक वेळी तोच वर्ग सांगणारा प्रोग्रामही ९० टक्केच मिळवेल. मग तुमच्या मॉडेलने काय केलं? परीक्षक हे एका मिनिटात पकडतात. म्हणून आकड्याशेजारी तुलना हवी: सर्वात साधी पद्धत किती देते, आपली किती देते, आणि किती नमुन्यांवर तपासलं. जे चाललं नाही तेही लिहा. 'कमी प्रकाशात ओळख चुकते, कारण ट्रेनिंगमध्ये तसे फोटो नव्हते' हे वाक्य लपवण्यासारखं नाही. उलट ते वाचून परीक्षकाला खात्री पटते की मुलांनी खरंच चाचण्या घेतल्या आहेत.

फॉरमॅटिंगकडे वळू. आपल्या विभागाचा नमुना पहिल्याच आठवड्यात मागून घ्या. इंटरनेटवर काहीही लिहिलेलं असो, तो नमुना सांगेल तेच खरं. बहुतेक ठिकाणी ए४ कागद, मजकूर १२ पॉइंट, दीडपट ओळअंतर आणि बाइंडिंगसाठी डावा समास थोडा मोठा असतो. नमुना मिळाला की वर्डमध्ये स्टाइल्स एकदाच लावून घ्या. प्रकरणाच्या नावाला हेडिंग १, त्याखाली हेडिंग २, मजकुराला नॉर्मल. अक्षरं हाताने मोठी आणि ठळक करून मथळा तयार केला तर वर्डच्या लेखी तो मथळा नसतोच, त्यामुळे अनुक्रमणिकाही आपोआप बनत नाही. मग पानांचे आकडे हाताने टाका, आणि मध्ये एक आकृती वाढली की सगळे पुन्हा बदला.

आकृत्यांचंही तसंच. 'इन्सर्ट कॅप्शन' वापरा आणि मजकुरात 'आकृती ४.२ पाहा' हे टाइप न करता क्रॉस-रेफरन्सने घाला. कॅप्शन आकृतीच्या खाली आणि तक्त्याच्या वर, हा सर्वसाधारण रिवाज. सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे आणि पहिल्या प्रकरणापासून १, २, ३ हवे असतील तर मध्ये सेक्शन ब्रेक टाका आणि फूटरमधलं 'लिंक टू प्रीव्हियस' बंद करा. शेवटी कंट्रोल-ए आणि एफ९ दाबून सगळं अपडेट करायचं, आणि मग 'एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड' हे शब्द फाइलमध्ये शोधायचे. हे ठळक अक्षरांत छापून बाइंड झालेले रिपोर्ट मी पाहिले आहेत.

वर्डऐवजी लेटेक्स (मजकुरात आज्ञा लिहून त्यातून पीडीएफ बनवणारं सॉफ्टवेअर) वापरावं का? समीकरणं खूप असतील आणि ग्रुपमधल्या दोघांना तरी येत असेल, तर जरूर. अनुक्रमणिका आणि क्रमांक ते स्वतः सांभाळतं, फक्त दोनदा कंपाइल करावं लागतं, कारण पहिल्या फेरीत ते पानांचे क्रमांक एका फाइलमध्ये नोंदवतं आणि दुसऱ्या फेरीत तिथून वाचतं. शेवटच्या महिन्यात नव्याने शिकायला मात्र घेऊ नका.

स्क्रीनशॉट काळ्या थीममध्ये घेऊ नका. कागदावर नुसता शाईचा डाग दिसतो. जेपेगमध्ये अक्षरांच्या कडा धूसर होतात, तेव्हा स्क्रीनशॉट पीएनजीत ठेवा. आलेख शक्यतो व्हेक्टरमध्ये (कितीही मोठं केलं तरी न फाटणाऱ्या फॉरमॅटमध्ये) काढा आणि दोन्ही अक्षांवर एकक लिहा.

संदर्भांसाठी झोटेरो हे संदर्भ साठवून त्यांची सूची बनवणारं सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून वापरा. फुकट आहे, आणि आयईईई शैली हवी असेल तर चौकटी कंसातले क्रमांक उल्लेखाच्या क्रमाने तेच लावतं. पेपरची माहिती ते आपोआप उचलतं, पण कधी वर्ष गायब असतं, कधी शीर्षक सगळं कॅपिटलमध्ये येतं, त्यामुळे प्रत्येक नोंद एकदा नजरेखालून घाला. एआय चॅटबॉटने दिलेला संदर्भ तर मूळ पेपर उघडून पाहिल्याशिवाय टाकूच नका. अस्तित्वात नसलेले पेपर ते बिनदिक्कत सांगतात. प्लेजरिझमच्या (मजकूर चोरीच्या तपासणीच्या) अहवालात नुसती टक्केवारी बघून घाबरू नका आणि निर्धास्तही होऊ नका. कोणता मजकूर जुळला ते उघडून बघा. संदर्भसूची जुळणं साहजिक आहे. अख्खा परिच्छेद जुळला असेल, तर शब्द इकडेतिकडे बदलून भागत नाही. मूळ बाजूला ठेवून आपल्या समजुतीने लिहावा लागतो आणि संदर्भ तरीही द्यावा लागतो.

चौघांनी चार प्रकरणं वाटून घेतली की एकाच्या लिखाणात 'युजर', दुसऱ्याच्या 'क्लायंट', तिसऱ्याच्या 'कस्टमर', आणि तिन्ही एकच, असं होतं. शब्द आधी ठरवा, आणि शेवटी एकाच माणसाने सगळा रिपोर्ट सलग वाचावा. भाषेवर पकड असलेला माणूस यासाठी निवडा. तो कोडिंगमध्ये कच्चा असला तरी चालेल.

छपाईला वर्डची फाइल नेऊ नका. दुसऱ्या मशीनवर फॉन्ट नसला की पानं सरकतात. पीडीएफ करा, ती दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडून बघा, आणि मोठी आकृती असलेलं एखादं पान आधी छापून पाहा. प्रमाणपत्राच्या पानावर गाईड आणि विभागप्रमुख दोघांच्याही सह्या लागत असतील, तर ते कोणत्या दिवशी रजेवर आहेत हे छपाईची तारीख ठरवण्याआधीच विचारून घ्या.