एकट्याने बॉसला भिडायचंय? टिकणारं कॅरेक्टर असं घडवा

बॉसची हेल्थ आठ टक्क्यांवर येते, माऊसवरचा हात घामेजतो आणि नेमक्या त्या क्षणी आपलंच कॅरेक्टर आडवं होतं. ऑनलाइन आरपीजी, म्हणजे कॅरेक्टर घडवत नेऊन बॉस नावाच्या बड्या शत्रूंशी लढायचे खेळ, एकट्याने खेळणाऱ्या प्रत्येकाने हे भोगलंय. मनात पहिला विचार येतो, ‘अजून थोडा डॅमेज असता तर!’ आणि आपण चिलखत उतरवून डॅमेज, म्हणजे आपल्या माराचा जोर, वाढवणारी आणखी एक अंगठी चढवतो. पुढच्या खेपेला बॉस वीस टक्क्यांवर असतानाच मरतो. आपण.

या खेळांत कामांची वाटणी ठरलेली असते. १९९९ च्या एव्हरक्वेस्ट या खेळाने ती चांगलीच रुजवली: टँक मार खातो, हीलर जखमा भरतो, बाकीचे झोडपतात. नेटवर गाजणारे बिल्ड, म्हणजे स्किल्स आणि वस्तूंच्या तयार जुळण्या, बहुतेक या तिसऱ्या गड्यासाठी बनवलेले असतात. समोर टँक आहे आणि मागे हीलर आहे, हे त्यात गृहीतच धरलेलं असतं. ते दोघे नसले की तो बिल्ड म्हणजे बिनछपराचं घर. एकट्याला तिन्ही कामं करायची असतात, पण सारख्या प्रमाणात नाही. आधी एका फटक्यात न मरणं, मग झीज भरून काढणं आणि उरलेल्या जागेत डॅमेज, असा माझा क्रम आहे. हा लेख त्याच क्रमाने जातो.

पायरी १: आधी पाच वेळा मरा, पण डोळे उघडे ठेवून

गिअरला, म्हणजे अंगावरच्या चिलखत-अंगठ्यांना, हात लावण्याआधी त्याच बॉसशी पाच वेळा लढा आणि प्रत्येक वेळी का मेलात ते कागदावर टिपा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये मेल्यावर शेवटच्या फटक्यांचा तपशील बघता येतो. जिथे अशी सोय नाही तिथे स्क्रीन रेकॉर्ड करा आणि शेवटची दहा सेकंदं सावकाश बघा.

मरणं साधारण चार प्रकारची निघतात. पूर्ण हेल्थवरून एका दणक्यात मेलात, तर बचाव कमी आहे. हेल्थ हळूहळू उतरत गेली, तर भरपाई कमी आहे. कॅरेक्टर जागीच गोठलं, किंवा बाजूने चार पिल्लावळ आली आणि गोंधळ उडाला, तर सुटकेचं स्किल नाही. आणि लढाई लांबली म्हणून बॉस चवताळला, तरच डॅमेज कमी आहे. माझ्या वहीत हा चौथा प्रकार अगदी क्वचित सापडतो. तुमच्या वहीत तो पाचपैकी तीनदा आला, तर सरळ पायरी ५ वर जा.

पायरी २: क्लास बदलायची घाई नको

काही क्लास, म्हणजे कॅरेक्टरचे प्रकार, एकट्यासाठी जन्मतःच बरे असतात. वॉरक्राफ्टमधला हंटर आपल्या पाळीव प्राण्याला पुढे करतो आणि स्वतः लांबून बाण मारतो. तिथल्याच ब्लड डेथ नाइटचं डेथ स्ट्राइक हे स्किल मागच्या पाच सेकंदांत जेवढा मार खाल्ला, त्याच्या पाव हिश्शाएवढी हेल्थ परत देतं. म्हणजे जितका जोरात मार, तितकी मोठी भरपाई. गिल्ड वॉर्स २ मधला नेक्रोमॅन्सर काळी छाया पांघरतो, तेव्हा त्याच्या हेल्थच्या पट्टीवर आणखी एक पट्टी चढते.

ज्या क्लासकडे स्वतःची भरपाई आहे आणि मार खायला दुसरं कुणी, म्हणजे प्राणी, सांगाडे किंवा ढाल आहे, तो एकट्यासाठी चांगला. तरीही ज्या क्लासची बटणं बोटांना पाठ आहेत तो सोडू नका. नवा ‘ताकदवान’ क्लास घेऊन मी एकदा दीड महिना घालवला आणि शेवटी जुन्याच कॅरेक्टरवर परतून तो बॉस मारला.

पायरी ३: सर्वांत मोठा फटका झेलता येईल असं करा

इथे थोडं गणित आहे, पण ते एकदा बसलं की अर्धी लढाई सोपी होते.

बॉसचा सर्वांत मोठा फटका किती आणि कोणत्या प्रकारचा, हे वहीतून काढा. आता तुमची खरी सहनशक्ती काढा: हेल्थला, अंगावर जेवढा हिस्सा पोहोचतो त्याने भागायचं. हेल्थ १०,००० आणि बचाव ७५ टक्के असेल, तर फटक्याचा पाव हिस्साच लागतो. म्हणजे तुम्ही ४०,००० चा फटका झेलू शकता. बचाव ८० टक्के केला तर पाचवा हिस्सा लागतो आणि सहनशक्ती होते ५०,०००. पाच टक्क्यांत दहा हजार मिळाले! तेच पाच टक्के शून्यावरून पाचवर नेताना फक्त ५२६ मिळाले असते. बचावाचे शेवटचे टक्के सर्वांत मोलाचे असतात, आणि लोक नेमके तिथेच ‘आता पुरे’ म्हणून थांबतात.

पण टक्क्यांना मर्यादाही असते. पहिल्या पाथ ऑफ एक्झाइलमध्ये आग, थंडी आणि वीज यांच्याविरुद्धचा रेझिस्टन्स साधारणपणे ७५ टक्क्यांवर अडतो. त्यात खेळ दोनदा दंड लावतो: कथेच्या पाचव्या अंकानंतर ३० टक्के आणि दहाव्यानंतर आणखी ३०. त्यामुळे कालपर्यंत भक्कम वाटणारं कॅरेक्टर अचानक कागदाचं होतं आणि नवखा माणूस बॉसला शिव्या घालत बसतो. द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये ६६० रेझिस्टन्सला एक टक्का बचाव मिळतो आणि ३३,००० ला तो ५० टक्क्यांवर थांबतो. त्यापुढचा प्रत्येक आकडा वाया. तुमच्या खेळातली मर्यादा शोधा, तिथपर्यंत जा, आणि बॉसची ताकद तुमचा बचाव घटवत नसेल तर तिथेच थांबा.

चिलखताचं मात्र वेगळं आहे. त्याच पाथ ऑफ एक्झाइलमध्ये चिलखताने किती टक्के वाचणार, ते फटक्याच्या आकारावर ठरतं. चिलखत १०,००० असेल तर १,००० च्या फटक्यातला दोन तृतीयांश मार अडतो, पण १०,००० चा फटका आला तर जेमतेम सहावा हिस्सा. म्हणजे चिलखत किरकोळ शत्रूंपुढे वाघ आणि बॉसच्या हातोड्यापुढे शेळी. मोठ्या फटक्यासाठी जास्त हेल्थ, आधीच उभी केलेली ढाल, किंवा फटका कितीही मोठा असो, ठरावीक टक्के कापणारं स्किल लागतं.

चकवण्याच्या टक्क्यांवर सगळी मदार ठेवू नका, एवढंही सांगून ठेवतो. दहापैकी सहा फटके हुकणं ऐकायला झकास आहे. पण ज्या बॉसच्या एका फटक्यात तुम्ही मरता, त्याच्याशी तीन मिनिटं लढताना उरलेल्या चारांपैकी एक लागणारच.

पायरी ४: गळती आणि भरणा यांचा हिशेब

समजा बॉस सरासरी सेकंदाला ९०० हेल्थ काढतो, तुम्ही ७०० भरून काढता आणि हेल्थ आहे १२,०००. फरक २०० चा, म्हणजे तुम्ही ६० सेकंद टिकाल. भरपाई १५० ने वाढवून ८५० केली, तर फरक ५० चा उरतो आणि तुम्ही २४० सेकंद टिकता. भरपाईत पावपेक्षाही कमी वाढ, आयुष्य चौपट! तेवढंच आयुष्य नुसत्या हेल्थने मिळवायचं म्हटलं तर ४८,००० हेल्थ लागली असती. म्हणून सर्वांत मोठा फटका झेलण्यापुरती हेल्थ झाली की पुढचा प्रत्येक पॉइंट भरपाईत घाला.

भरपाईचे प्रकार दिसायला सारखे, पण प्रत्येकाची अट वेगळी. लीच, म्हणजे शत्रूला मारताना परत मिळणारी हेल्थ, जोरदार असते. पण बॉस हवेत उडाला किंवा तुम्ही पळायला लागलात की ती बंद. आपोआप भरणारी हेल्थ संथ, पण कधी थांबत नाही. मोठं हील मोलाचं, पण ते टाकायला दीड-दोन सेकंद उभं राहावं लागलं तर त्याच वेळी घात होतो. पोशन हाताशी असतं, पण ते पुन्हा पिण्यासाठी थांबावं लागतं. यातले किमान दोन घ्या, आणि अटी वेगळ्या असलेले घ्या. लीच आणि लीचच वाढवणारी अंगठी हे दोन झाले नाहीत, एकच झालं.

गटात कुणी हात लावणार नाही अशा वस्तू एकट्यासाठी सोनं असतात, तेव्हा त्या शोधा. द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये पेल ऑर्डरची अंगठी आहे. तुम्ही केलेल्या डॅमेजचा एक हिस्सा ती हेल्थ म्हणून परत देते. बदल्यात दुसरं कुणी तुम्हाला हील करू शकत नाही आणि गटात माणसं वाढली की तिचा गुणही घटतो. एकट्याचं त्यात काय बिघडतं? वस्तूचं वर्णन वाचताना तोट्याची ओळ खास बघा. तो तोटा फक्त सोबत्यांमुळेच होणार असेल, तर वस्तू उचला.

पायरी ५: डॅमेज मोजायचा तो पळता पळता

लोक डॅमेज मोजतात पुतळ्यासमोर उभं राहून. पुतळा उलटा मारत नाही. एक बिल्ड उभ्या-उभ्या सेकंदाला १,००० डॅमेज करतो, पण बॉसपासून पळण्यात जवळपास निम्मा वेळ जातो आणि ५५ टक्केच वेळ मारता येतं. हाती लागले ५५०. दुसरा ८०० च करतो, पण चालता चालता ८५ टक्के वेळ मारू शकतो. ते झाले ६८०. गटात पहिला चमकतो, एकट्यात दुसरा जिंकतो.

म्हणून विष, जळणं, रक्तस्राव अशी एकदा लावली की चालू राहणारी स्किल्स, पाळीव प्राणी आणि हालचाल न थांबवता टाकता येणारे वार यांना झुकतं माप द्या. बॉस चवताळण्याची वेळ ठरलेली असेल तर त्याच्या हेल्थला त्या सेकंदांनी भागा. तेवढा सरासरी डॅमेज आणि वर थोडी सूट, एवढं झालं की थांबा.

पायरी ६: कोणतं बटण कोणत्या फटक्याला

इथे गिअर संपतं आणि खेळणारा सुरू होतो.

बचावाची स्किल्स हेल्थ घसरल्यावर दाबायची नसतात. तोवर उशीर झालेला असतो. वहीत बॉसच्या मोठ्या वारांचा क्रम लिहा आणि प्रत्येकासमोर तुमचं एक स्किल लिहा: पहिल्याला ढाल, दुसऱ्याला डॉज, म्हणजे झटकन बाजूला होणं, तिसऱ्याला पोशन, चौथ्याला पुन्हा ढाल, तोवर ती तयार असते. दोन स्किल्स एकाच वाराला उधळली की पुढच्याला हात रिकामे.

गिल्ड वॉर्स २ मध्ये हा हिशेब अगदी उघडा दिसतो. दमाची पट्टी १०० ची, एका डॉजला ५० लागतात आणि सेकंदाला साधारण ५ भरतात. म्हणजे सुरुवातीचे दोन डॉज संपले की पुढचा दहा सेकंदांनी. नवखा माणूस ते दोन्ही किरकोळ वारांवर घालवतो आणि जीवघेणा वार उभ्याने खातो. किरकोळ वार अंगावर घ्यायला शिका. पायरी ४ मधली भरपाई त्याचसाठी आहे.

ओल्ड स्कूल रूनस्केपमधला जॅड हा तर याचा चालता-बोलता धडा. फाइट केव्हजमध्ये एकट्याने ६२ लाटा पार केल्यावर ६३ व्या लाटेला तो समोर येतो. त्याचा एक फटका नव्वदीच्या पुढे जाऊ शकतो, आणि खेळाडूची मूळ हेल्थ जास्तीत जास्त ९९. पुढचे पाय उचलून मागच्या पायांवर उभा राहिला की जादूचा वार, पुढचे पाय जमिनीवर आपटले की लांब पल्ल्याचा. त्या त्या वाराची प्रार्थना, म्हणजे तो वार अडवणारं स्किल, वेळेत लावली तर डॅमेज शून्य. नजर हुकली तर बहुधा खेळ खलास. इथे कितीही महाग चिलखत घाला, उत्तर बोटांतच आहे.

दोन स्किल्स मात्र कोणत्याही खेळात, कोणत्याही किमतीत बारवर, म्हणजे स्किल्सच्या पट्टीवर, हवीतच: शत्रूचा मंत्र मध्येच तोडणारं आणि स्वतः गोठल्यावर सुटका करणारं. गटात ही कामं दुसरं कुणी करतं, म्हणून गटाच्या बिल्डमध्ये ती कित्येकदा नसतातच.

पायरी ७: एका वेळी एकच बदल

अंगठी, स्किल आणि पोशन तिन्ही एकदम बदलून जिंकलात, तर काय उपयोगी पडलं ते कळत नाही. हरलात तर त्याहून कळत नाही. एक बदल, तीन लढाया, वहीत नोंद. बॉसची उरलेली हेल्थ सोडा, आपण किती सेकंद जगलो ते लिहा. पन्नासवरून नव्वदवर गेलात तर वाट बरोबर आहे, मग बॉस अजून चाळीस टक्क्यांवर का असेना.

सराव जिथे स्वस्त आहे तिथे करा. वॉरक्राफ्टमध्ये २०२४ मध्ये आलेल्या डेल्व्हज नावाच्या छोट्या मोहिमा एकट्याने जाता येतील अशाच बेताच्या आहेत. सोबतीला ब्रॅन ब्रॉन्झबियर्ड येतो, त्याला हीलर करता येतं आणि कठीणपणाच्या पायऱ्या चढत नेता येतात. आपण मार खातो आणि तो भरतो, असं करून आधी बॉसचे वार ओळखायला शिका, मग त्याला डॅमेजला लावा. द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमधला मेलस्ट्रॉम अरीना नऊ फेऱ्यांचा, पूर्ण एकट्याचा. आधी साधा पार करा, मग व्हेटरनच्या, म्हणजे कठीण आवृत्तीच्या, नादी लागा. हार्डकोअर कॅरेक्टर असेल, जिथे मेलं की कायमचं गेलं, तर पायरी १ चे पाच मृत्यू दुसऱ्या साध्या कॅरेक्टरवर उरका.

आणि सलग दहाव्यांदा हरलात तर खुर्चीवरून उठा. अकराव्या लढाईत बोटं रागाने बटणं दाबतात, आणि वहीत ‘का मेलो’ या रकान्यात काहीच लिहिता येत नाही.